चंद्राताईंचा दहावा

॥ गावदेवी प्रसन्न ॥

कोन, ता. भिवंडी
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप केसरीदादा यांस,

धाकटा मामेभाऊ भावेश कोनहून वाकून नमस्कार करतो. पाठ फिरवून का होईना, पण घ्यावा. इकडे आम्ही सर्व खुशाल. आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? साखर किती निघाली? वज्रेश्वरीच्या कुंडात गरम पाण्यात पाय सोडून बसता, की गावचेच असल्यामुळे त्या पाण्याकडे ढुंकूनही बघत नाही? देवळाबाहेरच्या ओटीच्या दुकानात वहिनींना मदत करता, की नुसते स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये वाजणाऱ्या गाण्यांच्या चुका काढता? छातीत कधी दुखतं का? चालताना दम लागतो का? ही चौकशी निव्वळ प्रेमापोटी आहे, त्यात दुसरा कसलाही हेतू नाही.

(एरवी आपलं अरे-तुरे आहे, पण चूक माझी असल्यामुळे पहिला परिच्छेद अहो-जाहोत लिहिला. आता जमत नाही, सोडतो.) दादा, पत्र बघून दचकू नकोस. तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं आहेस, माझा फोन दिसला की कापतोस, आणि गेल्या वैशाखात सागरच्या लग्नात मी पंगतीत तुझ्या शेजारी बसलो तर तू भरलं ताट उचलून पलीकडच्या रांगेत गेलास. (वरण सांडत गेलास, आणि ते माझ्याच शर्टावर सांडलं. तुझी भावजय रंजिता अजून त्या डागाला तुझ्या नावानं ओळखते.) पोस्टमनला मात्र आपल्या भांडणाची माहिती नसल्यामुळे हा एकच मार्ग उरला.

तर विषय सूरपारचा. नाव वाचून पत्र फाडणार असशील तर आधी थांब, दोन मिनिटं दे. ही वेबसाइट आपण दोघांनी २००७ साली निजामपुऱ्यातल्या माझ्या कॅसेटच्या दुकानात सुरू केली, हे तू विसरला नसशील. दोन्ही बाजूंना कापडाचे लूम, दिवसरात्र खटाखट, दुकानात लावलेली एकही कॅसेट धड ऐकू येत नसे. गाणं ऐकू येत नाही म्हणून आपण गाण्याबद्दल लिहायला लागलो. तू बोलायचास आणि मी टाइप करायचो, कारण तुझ्या बोटाला ळ सापडत नसे. पाच वर्षांत चौदाशे सभासद झाले, डोंबिवलीपासून शारजापर्यंत. हार्मोनियम भजनात असावी की नसावी यावर चौदा पानं भांडण झालं होतं, त्यातली नऊ तुझी होती. बेंजो हे वाद्य आहे की आवाज आहे यावर एकवीस पानं झाली, आणि निजामपुऱ्यातला लूमचा मुकादम, ज्यानं 'तिसरी पाळी' असं नाव घेतलं होतं, तो कामावरून सुटल्यावर रोज येऊन बेंजोला शिव्या घालून मग झोपायला जायचा. कुणी म्हणालं होतं की आमच्या घरात पेपर येत नाही, सूरपार येतं. ते वाचून तू दुकानभर पेढे वाटलेस.

आता तिथं काय चाललंय ते सांगतो. रोज सकाळी मी उघडतो तर 'एक नवीन सभासद' असं दिसतं, मला आनंद होतो, आणि तो नवीन सभासद म्हणजे केस उगवण्याचं तेल विकणारा यंत्रमाणूस निघतो. सुरुवातीला मी त्यांना काढून टाकत असे. पुढे एकटेपणापायी स्वागत करायला लागलो. लग्नात गातात त्या धवल्यांवर मी एक मोठा लेख टाकला, तर महिनाभरात एकच उत्तर आलं, 'फारच माहितीपूर्ण लेख, असेच लिहीत राहा, टक्कल असल्यास इथे दाबा.' मी त्याला मनापासून धन्यवाद दिले. (दाबलंही. काही उगवलं नाही.) आमची लेक पूर्वी म्हणते, पप्पा, आता कुणी चर्चा करत नाही, तीस सेकंद ऐकतात आणि अंगठा देतात. तिच्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे, त्यात गाण्यावर कुणीही कधी भांडत नाही. मी विचारलं, मग तुम्ही करता काय. ती म्हणाली, शेअर करतो.

त्यात आषाढात आणखी एक लचांड आलं. ज्या कंपनीच्या यंत्रावर आपली वेबसाइट ठेवलेली आहे त्यांचं पत्र आलं की महिन्यात किमान पंचवीस वेगवेगळ्या माणसांनी लिहिलं नाही तर वेबसाइट निकामी समजून पुसून टाकण्यात येईल. अठरा वर्षांचं सगळं, तुझी नऊ पानं धरून. मी त्या महिन्यात स्वतःच सहा नावांनी लिहिलं, स्वतःशीच भांडलो, एका नावानं तर रागावून सोडून गेलो आणि दुसऱ्या नावानं त्याची समजूत काढली. कंपनीनं कळवलं की एका घरातून लिहिलेले सगळे एकच धरले जातील. तेवढ्यापुरती नातेवाइकांच्या हातापाया पडून, प्रत्येकाकडून 'छान' असं एकेकदा लिहून घेऊन मी दोन महिने ढकलले.

आता जे लिहितो ते बसून वाच, आणि वहिनींना पाणी आणून ठेवायला सांग. चंद्राताई म्हणजे मी.

हो, त्याच चंद्राताई. झालं असं, २०११ साली सूरपारवर हजारभर पुरुष आणि एकही बाई नव्हती, आणि लोक टोमणे मारायला लागले. म्हणून मी एक बाई केली. वय पन्नास ठेवलं, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलं, गाव सांगितलं नाही. लिहायला काहीतरी हवं, म्हणून आई मासे साफ करताना जे बोलायची ते लिहून घ्यायला लागलो. तुझी मामी किती लग्नांत धवलारीण म्हणून बसली ते तुला मी सांगायला नको. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे धवले तिच्या तोंडात आहेत. हेच मी माझ्या नावानं लिहिलं होतं तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं (व्यवस्थापकाचं लिखाण म्हणजे नियम, असा लोकांचा समज). चंद्राताईंनी लिहिल्यावर चाळीस-चाळीस उत्तरं यायला लागली. मला त्याची चटक लागली, हे कबूल करतो.

मग २०१५ चा मे महिना. चंद्राताईंनी लिहिलं की हळदीच्या धवल्यात देवांना आवतण देताना आधी गावदेवीचं नाव घेतात आणि मागून वज्रेश्वरीचं. तू लिहिलंस, आधी वज्रेश्वरी. चंद्राताईंनी लिहिलं, तुम्ही वज्रेश्वरीचे म्हणून तसं म्हणता. तू लिहिलंस, या बाईनं जन्मात एक तरी हळद बघितली आहे का, की नुसतं जेवायला जाते? चंद्राताईंच्या भावना दुखावल्या, आणि स्त्री सभासदाचा अपमान केल्याबद्दल व्यवस्थापकानं, म्हणजे पुन्हा मीच, तुला सात दिवस बंदी घातली. सात दिवसांनी बंदी आपोआप उठली. तू आला नाहीस. मला वाटलं, महिन्याभरात येईल. मग वाटलं, दिवाळीत येईल. साडेदहा वर्षं झाली, दादा. लोक म्हणतात, फेसबुकमुळे सूरपार ओस पडलं, फुकट डेटामुळे पडलं. माझं मत वेगळं आहे. तू गेल्यावर कुणाची चूक काढणारं माणूस उरलं नाही. सगळे एकमेकांना 'सुंदर' म्हणू लागले, आणि 'सुंदर'च्या उत्तरात काय लिहिणार?

पण माझी बाई चालूच होती, आणि तिथंच मी गोत्यात आलो. वाड्याचे दिनेशराव तुला आठवत असतील. पोस्टातून निवृत्त, विधुर, ठुमरीवर जीव. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चंद्राताईंना खासगी निरोप पाठवायला सुरुवात केली. आधी रागांबद्दल, मग तब्येतीबद्दल, आणि या श्रावणात सरळच लिहिलं की आपण दोघंही एकटे आहोत, मला दोन्ही वेळचा स्वयंपाक येतो, तुम्ही फक्त जेवताना गाण्याबद्दल बोलायचं. चंद्राताईंनी गुडघेदुखी सांगितली, चातुर्मास सांगितला, एक जुना नवससुद्धा सांगितला. दिनेशरावांनी कळवलं की गणपती झाले की बहिणीला घेऊन बघायला येतो. रंजितानं कॉम्प्युटर पुसताना हे सगळं वाचलं. म्हणाली की लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मला कुणी असं लिहिलं नाही, आणि तुम्हांला लिहिलंय. मग म्हणाली, एक तर त्या माणसाला खरं सांगा, नाहीतर मारून टाका बिचारीला.

त्यातलं सोपं ते मी केलं. १२ सप्टेंबरला सकाळी मी लिहिलं, 'चंद्राताई आज पहाटे झोपेतच गेल्या. त्यांना कुणी नव्हतं. मानलेला भाऊ या नात्यानं पुढचे विधी मी करत आहे.' शेवटचं वाक्य मला नडलं. ते लिहायची काही गरज नव्हती, पण मयताच्या बातमीला वजन हवं असं वाटलं.

दादा, काय सांगू तुला. दुपारपर्यंत अठरा माणसं आली. दुसऱ्या दिवशी चाळीस. शारजाचा तो तबलेवाला २०१२ पासून गप्प होता, त्यानं दीड पान लिहिलं. चंद्राताईंना हार्मोनियम आवडायची की नाही यावर दोघांची जुंपली, ती तीन पानं चालली. 'तिसरी पाळी'नं लिहिलं की ताई को हमने देखा नहीं, मगर झगड़ा बहुत किया, ऐसा झगड़ा अब किससे करें. एकूण त्रेसष्ट माणसं. मी कॉम्प्युटरसमोर बसून रडलो. रंजिता म्हणाली, स्वतःच्या मरणावर इतका रडणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला.

मग लोकांनी विचारलं की दहावा कुठं आहे. मी बिनधास्त लिहून टाकलं, रविवारी सकाळी आठ वाजता, कोनच्या खाडीवर. अठरा वर्षांत आपल्या स्नेहसंमेलनाला तू, मी आणि चहावाला यांच्यापलीकडे कुणी आलं नव्हतं, त्यामुळे कोण येतंय. अकरा माणसं आली. साडेसातलाच कल्याणहून तीन रिक्षा पूल ओलांडून आल्या. बाकीचे भिवंडीच्या बाजूनं येताना गोदामांच्या कंटेनरमध्ये अडकले, पण आले. दिनेशराव पांढऱ्या सदऱ्यात होते आणि त्यांच्या हातात अबोलीचा गजरा होता. त्यांना बघितल्यावर मला माझी पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. तिथंच सांगून टाकावं असं वाटलं, पण अकरा माणसं, खाडीचा काठ आणि भरतीची वेळ, म्हणून गप्प बसलो.

भटजी आयत्या वेळी पकडून आणावे लागले, कारण तो दिवस नेमका सर्वपित्री अमावस्येचा. त्यांनी गोत्र विचारलं. मी काश्यप सांगितलं (माहीत नसेल तर सगळे तेच सांगतात, आणि इथं तर मलाच ठरवायचं होतं). वय विचारलं, मी पन्नास म्हणालो. दिनेशराव हुंदका आवरून म्हणाले, २०११ साली पन्नास होत्या, म्हणजे चौसष्ट. भटजींनी चौसष्ट धरलं. मग पानावर मयताच्या आवडीचे पदार्थ ठेवायची वेळ आली, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. चंद्राताई शाकाहारी आहेत असं मी कधीतरी बेसावधपणे लिहून बसलो होतो, म्हणून रंजितानं वरण-भात आणि भेंडी केली होती.

पिंड ठेवला, आणि कावळा येईना. आता आपल्या खाडीवरचे कावळे तुला माहीत आहेत, कोळणींच्या पाट्यांवरून मासळी पळवणारे, पिंड खाली ठेवू देत नाहीत. पण पितृपक्षाचा शेवटचा दिवस, गावात घराघरांतून पानं वाढलेली, कावळे झाडावर पोट भरून डुलक्या घेत होते. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. भटजी घड्याळ बघू लागले, त्यांची अजून पाच ठिकाणं बाकी होती. मग नेहमीप्रमाणे मयताची इच्छा काय राहिली असेल त्याचा शोध सुरू झाला. एक जण हात जोडून म्हणाला, ताई, तुमच्या लेखांचं पुस्तक काढू. कावळा नाही. दिनेशराव म्हणाले, मी दुसरं लग्न करणार नाही. कावळा नाही. 'तिसरी पाळी' पुढे झाला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, ताई, हम मान लेते हैं, बेंजो भी साज़ है. दादा, त्या माणसानं एकवीस पानं जे मानलं नव्हतं ते मानलं, तरी कावळा नाही.

मला घाम फुटला. बाई खोटी आहे हे कावळ्याला कळलं की काय, असं वाटायला लागलं. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, केसरीदादाला सगळं खरं लिहून माफी मागतो. पंखांचा आवाज आला. डोळे उघडले तर कावळा पानावर. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि दिनेशराव पुन्हा रडले. तर दादा, हे पत्र असं लिहायला घेतलंय. अमावस्येला कबूल केलं आणि लिहायला दोन महिने लागले, कारण तुझा पत्ता माहीत होता पण धीर होत नव्हता.

त्यानंतर सगळ्यांना घरी चहा-वड्याला बोलावणं भाग होतं. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिला मी एवढंच सांगितलं होतं की कॉम्प्युटरवरची एक बाई वारली. दिनेशराव तिच्या पाया पडले आणि बोलता बोलता म्हणाले की चंद्राताईंनी धवल्यांवर काय सुंदर लिहिलं होतं, आवतणात गावदेवी आधी आणि वज्रेश्वरी मागून. आईनं सूप खाली ठेवलं.

"कोन सटवीनं सांगतला? आधी वजराबाय. तिला लांबशी यायचा हाय, तिला आधी नको सांगाला? गावदेवी काय, दारातच हाय, हाक मारली का आली."

आणि गायला लागली. तू ऐकलंस तिचं गाणं, मी काय सांगू. साडेतीन तास, दादा. चौऱ्याऐंशीची बाई, मध्ये दोन वेळा चहा घेतला आणि एकदा गोदामाच्या कंटेनरला हॉर्न वाजवल्याबद्दल शिव्या दिल्या, बाकी गात होती. ती अकरा माणसं जमिनीवर मांडी घालून बसली होती. कुणी मोबाइल काढला नाही. मग 'तिसरी पाळी'नं एका जागी ताल चुकतोय असं म्हटल्यावर आईनं त्याला पाटावर हात आपटून ताल शिकवला, त्यावरून दुसरे दोघं भांडले, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या ओटीवर जे चाललं होतं ते सूरपारच होतं. असा दिवस मी दहा वर्षांत बघितला नव्हता.

आईनं जे सांगितलं त्याचा अर्थ एकच, तू बरोबर होतास. मी तिच्याकडून लिहून घेताना क्रम उलटा लिहिला आणि तुला हाकललं. हे मी साडेदहा वर्षांनी शाईनं लिहून देतोय, जपून ठेव.

पाहुणे गेल्यावर आईनं मला हाक मारली. ती सगळं ऐकत होती, तिच्याच गोष्टी लोक तिलाच चंद्राताईंच्या म्हणून सांगत होते. म्हणाली, "ती चंद्रा म्हंजे मीच का रं? मेल्या, माजाच दहावा घातलास?" मी पाय धरले. ती दोन दिवस माझ्या हातचं पाणी प्यायली नाही, तिसऱ्या दिवशी हसायला लागली, आणि आता येईल त्याला सांगते की मी मरून आले.

दिनेशरावांना पुढच्या आठवड्यात वाड्याला जाऊन मी खरं सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा केला, चांगला केला होता, आणि मी तो पिऊन निघालो. आता ते दर गुरुवारी वाड्याहून येतात, आईसमोर बसतात, धवले उतरवून घेतात, तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याशी न बोलणाऱ्यांची संख्या अशी वाढते आहे.

तर माफ कर, दादा. सरळ सांगतो, तुझी आठवण येते. बंदी घालणारा मी, जिच्यासाठी घातली ती मी, आणि चुकलेलाही मी. वहिनींना नमस्कार. आईनं तुझ्यासाठी सुकट पाठवलीय, ती पार्सलनं वेगळी येईल, तिचा वास पत्राला नको.

तुझा
भावेश

ता. क. १ : कावळ्याबद्दल आज रंजितानं एक खुलासा केला. मी डोळे मिटले होते तेव्हा तिनं पदराखालून आणलेला तळलेला बोंबील हळूच पानावर ठेवला होता. म्हणजे कावळा माझ्या शब्दासाठी आला नव्हता. हे आधी कळलं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं, पण निम्म्याहून जास्त लिहून झालं होतं.

ता. क. २ : एक छोटं काम आहे. सप्टेंबरात त्रेसष्ट माणसांनी लिहिलं, ऑक्टोबरात सत्तावीस, आणि या महिन्यात आज अठरा तारखेपर्यंत चार, त्यांतले दोन टकलाचे. तीस तारखेला पंचवीस भरले नाहीत तर सूरपार पुसलं जाईल. आपल्या लोकांना फक्त मयत बाहेर काढतं हे आता सिद्ध झालं आहे, आणि माझ्याकडे मारण्यासारखं कुणी उरलेलं नाही, माझ्या उरलेल्या खोट्या नावांना कुणी ओळखत नाही. दहाव्याच्या दिवशी आईचं ऐकल्यावर सगळ्यांनी तुझी आठवण काढली. निम्म्यांना वाटत होतं की तू २०१६ सालीच गेलास, आणि आपण केसरीनाथांना श्रद्धांजली वाहायची राहिली याची त्यांना खरी रुखरुख लागली. तेव्हा तुझी हरकत नसेल तर तुला मारावं म्हणतो. मजकूर तयार आहे, सोबत जोडला आहे. 'परखड' हा शब्द दोनदा आलाय, चालेल का? वय नीट तपासून घे. वहिनींना आधी सांगून ठेव, लोक फोन करतील.

ता. क. ३ : मजकूर परत पाठवायची घाई करू नकोस. बातमी मी टाकून ठेवली आहे. येत्या रविवारी, २३ तारखेला, सकाळी नऊ वाजता ती आपोआप दिसायला लागेल, अशी सोय पूर्वीनं करून दिली. ती बातमी थांबवायचा अधिकार फक्त दोन माणसांना आहे, एक मी आणि दुसरा तू. कालपासून तुला सूरपारचा व्यवस्थापक केलं आहे, पासवर्ड पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. मी थांबवणार नाही. मला हात जोडलेल्या चित्रांचा कंटाळा आलाय, दादा, तुझ्या फोटोखाली तसली साठ चित्रं मला बघवणार नाहीत. तुला थांबवायचं असेल तर आत ये आणि सगळ्यांच्या देखत लिही की मी जिवंत आहे आणि भावेश खोटारडा आहे. पुढं जे मनात असेल ते लिही, कितीही पानं लिही, मी एक अक्षर काढणार नाही. रविवारी आठ वाजल्यापासून मी समोर बसलेला असेन.